शिट्टीविना कुकर

मांडवगण फराटा,
ता. शिरूर, जि. पुणे

चि. भाचीस,

विजेवर चालणारा प्रेशर कुकर शिट्टी देत नाही, ही त्या यंत्रातील उणीव नसून त्याच्या रचनेचा स्वाभाविक परिणाम आहे. आणि ज्या घरात तुरीच्या डाळीपासून बटाट्यापर्यंत प्रत्येक पदार्थाचे शिजणे शिट्ट्यांच्या हिशेबाने सांगितले जाते, त्या घरातून ओटावास गेलेल्या मुलीला तीन शिट्ट्या म्हणजे नेमकी किती मिनिटे असा प्रश्न पडावा, हेही तितकेच स्वाभाविक आहे. या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर देता येत नाही, कारण शिट्टी हे वेळेचे माप कधीच नव्हते. ती मुळात कशाची खूण आहे हे ध्यानात आले, की कुकर कोणता घ्यावा आणि कसा वापरावा या दोन्ही बाबींचा बराचसा गुंता सुटतो.

पाणी कोणत्या तापमानाला उकळेल हे त्यावरील दाबावर ठरते, आणि या तापमानाला उत्कलनबिंदू म्हणतात. समुद्रसपाटीला तो १०० अंश सेल्सिअस असतो. भीमा आणि घोड या नद्यांमधल्या आपल्या पट्ट्यात, सुमारे पाचशे मीटर उंचीवर, हवेचा दाब थोडा कमी असल्याने तो ९८ अंशांच्या किंचित वर असतो. उघड्या पातेल्याखाली जाळ कितीही वाढवला तरी पाणी याहून अधिक तापत नाही, ते फक्त अधिक वेगाने वाफ होऊन जाते. ऊस पिकवणाऱ्या मुलखातील माणसाला हे तत्त्व वेगळे शिकवावे लागू नये, कारण त्याची दोन्ही टोके शिरूर-दौंड भागात रोज पाहायला मिळत आली आहेत. गुऱ्हाळाच्या काहिलीत रस आटत जातो तसतसे त्यातील साखरेचे प्रमाण वाढते, त्यामुळे उकळण्याचे तापमान चढत जाऊन गूळ उतरवण्याच्या वेळी ते ११८ अंशांच्या आसपास पोचते. याउलट साखर कारखान्यात, मग तो न्हावऱ्याचा घोडगंगा असो की पाटसचा भीमा, पॅन नावाच्या बंद भांड्यातील हवा काढून दाब कमी केला जातो, म्हणजे पाक ६० ते ७० अंशांच्या सुमारासच उकळतो आणि साखर करपत नाही. प्रेशर कुकर हे या पॅनचे नेमके उलटे रूप आहे: पॅनमध्ये दाब उतरवून तापमान खाली ठेवतात, कुकरमध्ये वाफ कोंडून दाब चढवतात आणि पाण्याला १०० अंशांच्या पलीकडे नेतात. दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो इतका जादा दाब दिला की पाणी १२० अंशांच्या जवळपास उकळते, आणि डाळीचा दाणा जो तासभर हटून बसला असता तो काही मिनिटांत नरम पडतो.

ही कल्पना स्वयंपाकघरात आणण्याचे श्रेय दनी पापँ या फ्रेंच संशोधकाकडे जाते. त्याने १६७९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे घट्ट झाकणाचे भांडे मांडले, ज्यात हाडेसुद्धा मऊ होत. आणि भांडे फुटू नये म्हणून त्यावर वजनाने दाबलेली एक झडप बसवली, जी दाब मर्यादेबाहेर गेला की उचलली जाऊन वाफ बाहेर सोडी. आपल्या कुकरची शिट्टी ही त्याच झडपेची वंशज आहे. वाफेवर अनेक पदार्थ एकत्र शिजवण्याची कल्पना मात्र भारतात स्वतंत्रपणे रुजली: कलकत्त्याचे डॉक्टर इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० साली इकमिक कुकर तयार केला, ज्यात एकावर एक रचलेले डबे खालच्या कोळशाच्या धगीवर मंदपणे शिजत राहत. त्यात दाब नव्हता, पण कोळसा मोजून घातला की भांड्यापाशी बसून राहण्याची गरज उरत नसे. हा गुण विजेच्या कुकरच्या संदर्भात फार महत्त्वाचा आहे, कारण विजेचा कुकर दाबाच्या बाबतीत पापँचा वारस असला, तरी सोयीच्या बाबतीत तो मल्लिकांच्या कुकरचा जवळचा नातलग ठरतो. भारतात घरगुती प्रेशर कुकरचे उत्पादन १९५९ च्या सुमारास सुरू झाले, आणि त्यानंतर शिट्टी हा शब्द पाककृतीत शिरला तो कायमचा.

शिट्टीचे काम असे चालते. झाकणावरील वजन ठरावीक दाबाला उचलले जाते, जादा वाफ सुटते, दाब थोडा उतरतो आणि वजन पुन्हा बसते. शिट्टी म्हणजे गरजेपेक्षा अधिक उष्णता भांड्यात जात असल्याची तक्रार होय. गॅस मोठा असेल तर शिट्ट्या भराभर होतात, बारीक असेल तर दोन शिट्ट्यांमध्ये पाच-सात मिनिटे जातात आणि आच अगदी मंद ठेवली तर एकही शिट्टी न होता डाळ व्यवस्थित शिजते, कारण शिजवते ते आतील तापमान आणि त्या तापमानाला गेलेला वेळ. घरोघरी तीन शिट्ट्यांचा हिशेब जुळत आला तो केवळ यामुळे, की तोच कुकर, तीच शेगडी, तीच वाटीभर डाळ आणि तोच हात वर्षानुवर्षे बदलत नव्हता. दुसऱ्या घरच्या शिट्ट्या आपल्या घरी लागू पडत नाहीत, हे सासरी गेलेल्या प्रत्येक मुलीला पहिल्या आठवड्यातच कळून चुकते.

विजेच्या कुकरमध्ये हा सगळा कारभार उलट बाजूने चालतो. आतील भांड्याच्या तळाशी तापणारी चकती असते, तळाला टेकलेला संवेदक तापमान पाहत राहतो आणि दाब ठरलेल्या पातळीवर पोचला की यंत्र विजेचा पुरवठा तोडते. दाब उतरू लागला की पुन्हा जोडते. जादा उष्णता आत जातच नसल्याने बाहेर सोडण्याजोगी वाफ उरत नाही आणि शिट्टीचे कारणच संपते. या जातीच्या कुकरचे पेटंट चीनमध्ये १९९१ साली घेतले गेले, परंतु त्याला जगभर घरोघरी नेणारा इन्स्टंट पॉट हा ब्रँड ज्या शहरातून निघाला ते ओटावाच आहे: नॉर्टेल या दूरसंचार कंपनीत पूर्वी काम केलेल्या रॉबर्ट वांग यांनी सहकाऱ्यांसह तो विकसित केला आणि २०१० साली बाजारात आणला. इन्स्टंट पॉट विकणारी कंपनी २०२३ साली दिवाळखोरीत निघाली, आणि त्यामागील एक कारण असे सांगितले जाते की एकदा घेतलेले भांडे वर्षानुवर्षे टिकते व दुसरे घ्यावे लागत नाही. ग्राहकाच्या दृष्टीने यापेक्षा चांगले प्रमाणपत्र मिळणे अवघड.

आता मिनिटांचा हिशेब. विजेच्या बहुतेक कुकरचा कार्यदाब, म्हणजे शिजताना टिकवला जाणारा जादा दाब, गॅसवरील कुकरपेक्षा कमी, ७० ते ८० किलोपास्कल इतका असतो, त्यामुळे आतील तापमान ११५ ते ११८ अंशांवर थांबते आणि वेळ थोडा अधिक लागतो. शिवाय पडद्यावरील मिनिटे दाब भरल्यानंतर मोजायला सुरुवात होते. दाब भरायला दहा-पंधरा मिनिटे आणि नंतर वाफ जिरायला तितकीच किंवा अधिक, असे धरले तर आठ मिनिटांचे वरण प्रत्यक्षात अर्ध्या तासाचे होते. घाईच्या वेळी गॅसवरचा साधा कुकर याहून लवकर उरकतो, हे जाहिरातीत लिहिलेले नसले तरी खरे आहे. विजेच्या कुकरचा लाभ वेगात नसून निश्चिंतीत आहे: तो लावून माणूस अंघोळीला, कामाला किंवा झोपायला जाऊ शकतो. सुरुवातीचा अंदाज म्हणून तुरीच्या डाळीला आठ ते दहा मिनिटे, तांदळाला पाच-सहा, भिजवलेल्या हरभऱ्याला पंधराच्या आसपास आणि भिजवलेल्या हुलग्याला वीस ते पंचवीस मिनिटे धरून, प्रत्येक वेळी वाफ आपोआप जिरू द्यावी आणि पुढच्या खेपेस आपल्या घरचा आकडा पक्का करावा. मोड आलेल्या मटकीला मात्र दाब लावूच नये. तिचा गाळ होतो.

हे आकडे ओटावात मांडवगणपेक्षा थोडे खाली येतील, आणि त्याचे मुख्य कारण उंची नसून पाणी आहे. आपल्या बोअरचे पाणी जड असते, म्हणजे त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार अधिक असतात. हे क्षार डाळीच्या पेशींना जोडणाऱ्या पेक्टिन या द्रव्याला घट्ट करतात आणि दाणा फुटेनासा होतो. ओटावा नदीचे पाणी मृदू असल्याने तीच डाळ तिथे लवकर गळते. चिंच, आमसूल आणि टोमॅटो यांची आंबटाईही शिजणे लांबवते, म्हणून ती डाळ शिजल्यावरच घालण्याची आजीची पद्धत विजेच्या कुकरलाही लागू आहे. हुलग्याचा उल्लेख वर मुद्दाम केला. शिरूर तालुक्यातच घोड नदीच्या काठी इनामगाव आहे, जिथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले आणि इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातील ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे तांबे व दगड दोन्हींची हत्यारे वापरणाऱ्या लोकांची, वस्ती उजेडात आणली. तेथील घरांत चुली सापडल्या आणि जळून कोळसा झालेल्या दाण्यांत जव, गहू व मसूर यांच्याबरोबर हुलगा, म्हणजेच कुळीथ, ओळखता आला. हुलगा हे कडधान्यांतले एक चिवट धान्य. या काठावर ते तीन हजारांहून अधिक वर्षे शिजत आले आहे आणि त्यातील शेवटची साठेक वर्षे सोडली तर सगळा काळ उघड्या भांड्यातच. त्याच्या पिठाची शेंगोळी आजही उघड्या रश्श्यातच उकळावी लागतात, कारण दाबाखाली ती विरघळतात.

राजम्याबाबत मात्र एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचे विषारी प्रथिन असते, जे खळखळ उकळत्या तापमानालाच नष्ट होते. अर्धवट शिजलेल्या राजम्याने तीव्र उलट्या होतात. बहुतेक विजेच्या कुकरवर ‘स्लो कुक’ नावाचे मंद आचेचे बटण असते, आणि त्यावर टाकलेला कच्चा राजमा तितका तापेलच याची खात्री नसते. राजमा रात्रभर भिजवून, ते पाणी ओतून, दाबाखालीच शिजवावा.

खरेदी करताना बटणांच्या संख्येने भुलू नये. भात, सूप, कडधान्य, लापशी अशा बहुतेक बटणांमागे तीच चकती आणि तोच दाब असतो, फरक फक्त आधीच भरून ठेवलेल्या मिनिटांचा. दाब स्वतः ठरवण्याचे बटण, परतण्याचे बटण आणि गरम ठेवण्याचे बटण एवढी तीन असली की घर चालते. चौथे दह्याचे असल्यास जास्तीचे पैसे द्यायला हरकत नाही, कारण ते दूध ४० अंशांच्या आसपास तासन्‌तास ठेवते आणि ओटावाच्या हिवाळ्यात विरजण लागण्याची दुसरी सोपी वाट नाही. दोघा-चौघांच्या घराला सहा क्वार्ट, म्हणजे साधारण पावणेसहा लिटरचे माप योग्य. आपल्याकडचे वरण-भाताचे डबे त्यात बसवायचे असतील तर त्यांचा व्यास आधी पट्टीने मोजावा. आतील भांडे स्टीलचे असावे. भारतातून कुकर नेण्याचा मोह टाळावा, कारण इथली यंत्रे २३० व्होल्टची आणि तिथला पुरवठा १२० व्होल्टचा; तिथे घेताना सीएसए किंवा सीयूएल यांपैकी प्रमाणचिन्ह पाहावे, जसे इथे गॅसवरच्या कुकरवर आयएसआय पाहतात.

वापराविषयी चार गोष्टी राहिल्या. वाफ फारशी बाहेर जात नसल्याने पाणी कमी लागते, आणि भातात नेहमीच्या सवयीने पाणी ओतले तर खीर होते. मात्र पुरणाच्या डाळीत कटासाठी पाणी जास्तच ठेवावे. कडधान्य फेसाळते, म्हणून भांडे निम्म्याहून अधिक भरू नये. फोडणी परतण्याच्या बटणावर होते, पण तळ मधोमध उंच असल्याने तेल कडेला पळते आणि मोहरी कोरडीच राहते, तेव्हा कढल्यात वेगळी फोडणी करून वर ओतणे बरे. कांदा-मसाला परतल्यावर तळाला चिकटलेला थर पाणी घालून खरवडला नाही, तर संवेदक तळ करपल्याचे समजून यंत्र थांबवतो, आणि नवशिके लोक त्यालाच बिघाड समजतात. झाकणावरची पिन खाली बसल्याखेरीज झाकणाला हात लावू नये. झाकणातील सिलिकॉनची रिंग मसाल्याचा वास धरून ठेवते, म्हणून दोन रिंगा घ्याव्यात: एक रश्श्या-उसळींसाठी आणि दुसरी दही, खीर व दुधाच्या पदार्थांसाठी.

कळावे.
मामा