अठरा तास

“सर, मी आळशीच आहे,” ती म्हणाली आणि इंटर्नलच्या पेपरकडे बघत राहिली. वीसपैकी सहा. पहिल्या वर्षाची, अर्थशास्त्राची मुलगी. पूर्वी अशा मुलांना मी ‘वेळेचं नियोजन करा’ सांगून वाटेला लावायचो. कित्येक वर्षं तसंच केलं, त्याचं आज वाईट वाटतं. आता पाठकोरा कागद घेतो आणि त्यावर सात दिवसांचे रकाने आखतो.

आठवड्याचे तास १६८. झोप ४९. एसटीनं जाणं-येणं १८. संध्याकाळी मेडिकल दुकानात २४. कॉलेज २६. पाणी भरणं, स्वयंपाक, धाकट्या भावाचं आवरून देणं १८. आंघोळ-जेवण १४. उरले एकोणीस, तेही तुकड्यातुकड्यांत.

एका श्रेयांकामागे सत्रात ३० तासांचं काम धरलेलं असतं. तिचे श्रेयांक २२, म्हणजे ६६० तास. पंधरा आठवड्यांत आठवड्याला ४४. त्यातले २६ वर्गात आणि प्रात्यक्षिकात जातात. बाकीचे अठरा तिनं एकटीनं द्यायचे. हे तिला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. एकोणिसातले अठरा! ही मुलगी आळशी कशी?

आणि ते अठरा तास करायचं तरी काय? बारावीपर्यंत हाताशी ‘अपेक्षित’ प्रश्नसंच असतो. इथं आमची अपेक्षा एका क्रियापदात दडलेली. प्रश्न होता, ‘चलनवाढीच्या कारणांची चिकित्सा करा.’ तिनं सहा कारणं लिहिली होती, सुंदर अक्षरात, खाली रेघा मारून. ‘कारणे सांगा’ असं विचारलं असतं तर उत्तर उत्तम होतं. मग गेल्या वर्षीचा एक चांगला पेपर नाव झाकून शेजारी ठेवला. त्या मुलानं तीनच कारणं घेतली होती. पण मागणी वाढल्यानं किमती कधी चढतात आणि इंधन महागल्यानं कधी, हे वेगळं करून दाखवलं होतं. ती बराच वेळ दोन्ही पानं वाचत होती. मग म्हणाली, “म्हणजे कोणतं कारण कुठं लागू पडत नाही, तेही लिहायचं?” या एका वाक्यासाठी मी शिकवतो.

पुढचं सोपं होतं. सकाळची गाडी तिच्याच गावातून सुटते, बसायला जागा मिळते, तिथं वाचन. दोन तासांच्या मधल्या मोकळ्या वेळात ग्रंथालयात लेखन. परतीच्या गर्दीत काहीच नाही. दुकानाऐवजी ‘कमवा आणि शिका’मध्ये कॉलेजातच काम मिळतं का, याचा अर्ज आम्ही त्याच दिवशी भरला.

पहिल्या वर्षाला शिकवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनो, सत्राच्या पहिल्या आठवड्यातला एक तास या कागदासाठी द्या. अभ्यासक्रम एक तास मागे पडेल. पडू द्या.