अम्मीचा आवाज

अम्मीचा आवाज आमच्याकडे एकाच कॅसेटवर आहे, 1987 च्या ईदच्या. त्यातही ती आणि खाला एकदमच बोलतात. मागे भांडी, पोरांचा गलका.

2023 मध्ये बीटल्सचं ‘नाऊ अँड देन’ आलं. जुन्या कॅसेटवर पियानोत मिसळलेला जॉन लेननचा आवाज संगणकाने वेगळा काढला होता. आम्हा भावंडांनाही आशा वाटली.

भांडी गेली, गलकाही गेला. पण सख्ख्या बहिणी, दोघींची पट्टी एकच, संगणक फसला. अम्मीचं अर्धं वाक्य खालाच्या तोंडी जाई.

शेवटी खालालाच बसवलं. “ये मैं नहीं रे, आपा है. शिरखुर्मे में शक्कर कम बोल रही.”

वाक्य थांबवून थांबवून ती सांगत गेली. आम्ही लिहून घेतलं.