पदर उलटा करून बघ

आमच्या पहिल्या लाईव्हला अकरा जण होते. त्यातली एक डोंबिवलीची नणंद, एक तिची शेजारीण आणि दोन तर आमच्याच घरातले मोबाईल, आकडा जरा बरा दिसावा म्हणून आवाज बंद करून फ्रिजवर ठेवलेले.

२०२० ची दिवाळी तोंडावर आली होती. यांच्या सातपूरच्या कारखान्यात पगार निम्म्यावर आला होता. वणी-सापुतारामार्गे सुरतेला जाऊन रिंग रोडच्या मार्केटमधून आम्ही चाळीस हजारांचा माल आणला. तिथे घाऊकवाल्याकडे सुटी साडी मिळत नाही, अख्खा सेट उचलावा लागतो. एका डिझाइनचे सहा नाहीतर आठ रंग. राणी, मोरपंखी आणि वाइन पहिल्या दहा मिनिटांत जातात, मेहंदी घरात उरतो. आमच्या दिवाणात आज मेहंदी रंगाच्या किती साड्या आहेत, हे मी यांना सांगितलेलं नाही.

वेळ ठरवली रात्री साडेनऊची. जेवणं झालेली, ओटा पुसलेला, बायकांच्या हातात मोबाईल. लाईव्हची एक भाषा असते, ती मी दुसऱ्या ताईंचे व्हिडिओ बघून आठवडाभरात शिकले. ‘स्क्रीनशॉट काढा, वरच्या नंबरला व्हॉट्सअ‍ॅप करा.’ ‘सिंगल पीस आहे, विचार करत बसू नका.’ ‘ओपनिंग व्हिडिओ असेल तरच तक्रार घेतली जाईल.’ म्हणजे पार्सल फोडतानाचं शूटिंग गिऱ्हाइकानेच करायचं. रेट दहा वेळा सांगितला तरी अकराव्या वेळी ‘रेट?’ असं येतंच, आणि त्याचा राग येऊ द्यायचा नाही. साडीमागे शंभर-सव्वाशे सुटायचे.

सगळ्यात जास्त मागणी पैठणीला. याचं अर्धं श्रेय मी टीव्हीला देते. २००४ मध्ये ‘होम मिनिस्टर’ सुरू झालं, आदेश भावोजी दारात आले आणि बक्षीस म्हणून पैठणी. त्याआधी आमच्याकडे पैठणी म्हणजे लग्नातली, ती पण ज्यांना परवडेल त्यांची. त्यानंतर गल्लोगल्ली ‘खेळ पैठणीचा’ सुरू झाले. नगरसेवक व्हायची इच्छा असलेला कुणीतरी मंडप घालायचा, आम्ही फुगे फोडायचो आणि एका बाईला पैठणी मिळायची. उरलेल्या दोनशे बायका ती बघून घरी यायच्या. त्या दोनशेंना हजाराच्या आत हवी असलेली पैठणी सुरतेत तयार होते. मी ती ‘येवला पैठणी’ म्हणूनच विकत होते. सगळ्याच विकत होत्या.

आमच्या सासूबाईंचं माहेर येवल्याचं. समोरच्या घरात माग होता, लहानपणी त्या तिथे बसून कांड्या भरायच्या. तिसऱ्या का चौथ्या लाईव्हला मी साडेआठशेची साडी अंगावर टाकून ‘ओरिजनल येवला, मुनिया काठ’ असं म्हणत होते, आणि आई मेथीची जुडी घेऊन मागून आल्या. लाईव्ह चालू आहे हे त्यांना ठाऊक होतं की नाही, मला अजून कळलेलं नाही.

“याला पैठणी म्हणू नको गं,” त्या म्हणाल्या. “पदर उलटा करून बघ.”

मी खरंच उलटा केला. हातमागावरच्या पैठणीचा पदर दोन्हीकडून जवळजवळ सारखाच दिसतो, कारण नक्षीतला प्रत्येक रंग विणकर हाताने, त्या-त्या जागेपुरताच गुंफतो. आमच्या साडीच्या मागे पोपटाच्या पाठीवरून कापलेल्या धाग्यांचे तुरे लोंबत होते. आईंनी मेथी निवडता निवडता ते सगळं सांगितलं. खरीला महिना लागतो, कधी जास्त, आणि आठ-दहा हजारांच्या खाली ती क्वचितच मिळते. “ही पावर लूमची आहे. पण नेसायला हलकी आहे, घ्यायची तर घ्या.”

आता सगळं संपलं असं वाटून मी घामाघूम झाले. त्या रात्री सत्तावीस साड्या गेल्या. ‘आजी एक नंबर.’ ‘अशी सासू सगळ्यांना मिळो.’ ‘आजींमुळे घेतली.’ मेहंदीसुद्धा दोन गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा देताना मी म्हटलं, “आई, आज रात्री पण ते म्हणाल का?”

“काय?”

“ते कालचं. पैठणी म्हणू नको वालं.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग बशीत चहा ओतत म्हणाल्या, “मेथी आणायला लागेल मग.”

मेथी आणली. मेथी नसली तर शेंगा. मी मुद्दाम ‘येवला’ म्हणायचे आणि त्या मागून यायच्या. महिन्याभरात त्यांना वेळ साधायला इतकं छान जमू लागलं, की मला इशाराही करावा लागेना. कधी येताना खोकायच्या, कधी दारातच थांबून कपाळाला हात लावायच्या. बघणाऱ्या चारशे-पाचशेवर गेल्या. गंमत म्हणजे त्या बोलत होत्या त्यात खोटं काहीच नव्हतं. खोटं मी बोलायचे, ते त्यांना खोडता यावं म्हणून.

मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. एकदा ती फ्रेममध्ये आली आणि कुणीतरी तिच्या रंगावरून लिहिलं. तेव्हापासून लाईव्हच्या वेळी ती आतल्या खोलीत असते. यावर घरात चर्चाही झाली नाही.

पुढे एका मसालेवाल्याचा फोन आला. आजींनी फक्त पाकीट हातात धरायचं आणि ‘माझ्या हातच्यासारखा आहे’ म्हणायचं, पाच हजार देतो. पैसे घेऊन केलेली जाहिरात असेल तर तसं स्पष्ट सांगायला हवं, असा जाहिरात मानक परिषदेचा नियम जून २०२१ पासून आहे. तो मला माझ्या भाच्याने सांगितला. मसालेवाला म्हणाला, असं सांगितलं तर मजा जाते. आईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, “मी काय मसाला विकतचा वापरते होय?” पाच हजार गेले. यांनी दोन दिवस तोंड पाडलं होतं.

त्याच सुमारास नणंदेने एक लिंक पाठवली. दुसऱ्या एका ताईंचं लाईव्ह. तिथेही एक सासूबाई मागून आल्या आणि म्हणाल्या, याला पैठणी म्हणू नकोस. त्यांच्या हातात मटार होते. आईंनी ते दोनदा पाहिलं. “पदर उलटा करायचं विसरली,” एवढंच म्हणाल्या.

गेल्या श्रावणात पाथर्डी फाट्याहून एक बाई घरीच आल्या. पार्सल नको, आजींना बघून घ्यायचं होतं. मुलीच्या डोहाळजेवणाला साडी हवी होती. रिंग लाईट कोपऱ्यात बंद होता, आई गॅलरीत गाऊनवर बसून पेपर वाचत होत्या. बाई त्यांच्या पाया पडल्या, शेजारी टेकल्या. मी चार-पाच साड्या काढून ठेवल्या. त्यातली एक जांभळी त्यांनी आईंच्या मांडीवर ठेवली.

“आजी, खरं सांगा हं. कशी आहे ही?”

आईंनी साडीवरून हात फिरवला. पदराचं टोक धरलं, आणि बोलायच्या आधी माझ्याकडे पाहिलं.