पोटाची नोंदवही

पोट हा चारचौघांत बोलण्याचा विषय नव्हे, असे आपण मानतो. आणि तरीही आपल्या भाषेने जे जे जपायचे, लपवायचे वा सोसायचे, ते सारे पोटातच नेऊन ठेवले आहे. दुसऱ्याचा अपराध आपण पोटात घालतो, लेकराला पोटाशी धरतो, पोटतिडकीने बोलतो. आणि ज्याचा भरवसा नाही त्याच्या पोटात एक नि ओठांत एक असते. केवळ प्रत्यक्ष पोट बिघडले की ही बोलकी भाषा एकाएकी मुकी होते. मग ‘जरा बरे नाही’ एवढ्यावर भागवावे लागते. मी जवळजवळ तीन वर्षे एवढ्यावर भागविले.

मी रेल्वेत गार्ड होतो. (२०२२ पासून या पदाला ‘ट्रेन मॅनेजर’ असे नाव आहे, पण दौंडच्या आमच्या जुन्या मंडळींच्या तोंडी ते अद्याप बसलेले नाही.) दौंड-मनमाड मार्गावर मालगाड्यांच्या संगतीत आयुष्य गेले. मालगाडीच्या गार्डाला जेवणाची वेळ नसते; सिग्नल मिळेल तेव्हा गाडी हलते आणि गाडी थांबेल तेव्हा डबा उघडतो. तरी नोकरीत असेपर्यंत पोटाने कधी तक्रार केली नाही. निवृत्तीनंतरच्या एका पावसाळ्यात कडक जुलाब झाले. आठ दिवसांत ते थांबले, पण त्यानंतर पोट पूर्वीचे राहिले नाही. कधी चार दिवस कोठा बांधलेला, तर कधी एका सकाळी चार खेपा. जेवणानंतर पोट नगाऱ्यासारखे तट्ट. आणि सर्वांत वाईट म्हणजे ती अवचित घाई, जिची वेळ कोणत्याच वेळापत्रकात नसते.

या घाईने माझे जग आखडून टाकले. रविवारच्या मिस्सेला वर्षानुवर्षे मी तिसऱ्या बाकावर बसत असे, तो शेवटच्या बाकावर, दाराशी आलो. सणाच्या सहभोजनाला जाणे बंद केले. हे सारे सोसण्यासारखे होते. सोसवेना ते शिरूर. माझी थोरली बहीण शिरूर तालुक्यात घोड नदीच्या बाजूला एकटी राहते. मेहुणे निवर्तले, मुलगा नोकरीनिमित्त परगावी असतो. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी आक्काकडे जायचे, हा माझा नेम. पण शिरूरला रेल्वे नाही. चौफुल्यावरून न्हावऱ्याच्या रस्त्याने एस.टी.ने जावे लागते, आणि रेल्वेच्या डब्यात जी सोय असते ती एस.टी.त नसते. सात महिने माझे जाणे घडले नाही. आक्का फोनवर विचारी आणि मी म्हणे, ‘जरा बरे नाही.’ सातव्या महिन्यात ती म्हणाली, “बरं न्हाई म्हंजे काय, ते तरी सांग. का मी मेल्यावरच बरं वाटायचंय तुला?”

उपाय सुचविणाऱ्यांची उणीव नव्हती. कोणी चूर्ण दिले, कोणी एरंडेल. एका शेजाऱ्याने उरुळीकांचनला जाण्याचा आग्रह धरला. दौंडहून पुण्याला जाताना वाटेतच ते गाव लागते. १९४६ च्या मार्च महिन्यात महात्माजींनी तेथे निसर्गोपचार सुरू केला आणि पुढे मणिभाई देसाईंनी आपले सारे आयुष्य त्या कामी वेचले. त्या आश्रमाविषयी मला आदर आहे. पण माझ्या मुलीने मला त्याच गाडीने पुढे पुण्याला नेले, आणि एका आहारतज्ज्ञ बाईंपुढे बसविले.

वयाने त्या माझ्या मुलीएवढ्याच. मी समजत होतो, एक छापील तक्ता हाती मिळेल: सकाळी हे, दुपारी ते. तक्ता मिळाला नाही. उलट त्यांनी मला आधी डॉक्टरांकडेच धाडले. “काका, पन्नाशीनंतर पहिल्यांदा शौचाची सवय बदलली, तर आधी आतडं आतून तपासून घ्यायचं. रक्त पडतंय का, वजन घटतंय का, हिमोग्लोबिन किती, हे कळल्याशिवाय मी तुमच्या ताटाला हात लावणार नाही.” गहू सोसत नाही अशा आजाराचीही रक्ततपासणी त्यांनी करून घेतली, आणि ती होईस्तोवर पोळी मुळीच सोडू नका, म्हणून बजावले. गहू आधीच बंद केला तर ती तपासणी फसते, हे मला नवीन होते. दुर्बिणीची तपासणी झाली. काही वाईट निघाले नाही. निदान झाले ते चिडखोर आतड्याचे. मोठ्या जुलाबानंतर साधारण दहांतील एकाला हे मागे उरते, असे डॉक्टरांनी सांगितले. आतड्याची भिंत दिसायला धडधाकट असते, पण तिच्यातले मज्जातंतू हळवे होऊन बसतात; इतरांना जाणवतही नाही एवढ्या वायूने त्यांना कळ येते.

मग बाईंनी वही मागितली. दोन आठवडे जे जे खाल ते वेळेसह लिहायचे. किती वाट्या, चहा किती, झोप किती, मन कसे. आणि शौचाचा प्रकारसुद्धा. त्यासाठी त्यांनी एक चित्र दिले. इंग्लंडातील ब्रिस्टल येथील डॉक्टरांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेली ती मोजपट्टी आहे. मलाचे सात प्रकार, आकृत्यांसह. मला संकोच वाटला आणि हसूही आले. पण नोंद ठेवणे हा तर माझा पेशा. गाडी कोठे, किती वाजता, कशासाठी थांबली, हे आम्ही आयुष्यभर लिहीत आलो. मी रेघा आखल्या आणि लिहू लागलो: ‘५.४०, प्रकार सहा, घाई. ७.१०, पुन्हा.’

दोन आठवड्यांनी बाईंनी ती वही एखाद्या ट्रॅफिक इन्स्पेक्टरसारखी वाचली. दिवसाला दुधाचे सात चहा निघाले. उपवासकाळातील शुक्रवार निघाले. दिवसभर रिकामे पोट आणि रात्री एकदम भरगच्च जेवण, त्याच्या दुसऱ्या दिवशी हमखास गोंधळ. (उपवासाचा नियम वयाच्या अठरापासून एकोणसाठपर्यंतच बांधील आहे, हे आमच्या फादरांनीच मला मागे सांगितले होते. बाईंनी मात्र उपवास सोडा असे म्हटले नाही. रात्रीचे ताट दोन वेळांत वाटा, एवढेच म्हटले.) आणि वहीच्या बहुतेक प्रत्येक पानावर निघाला कांदा. भाकरीबरोबर बुक्कीने फोडलेला, कालवणात परतलेला, वाटणात वाटलेला. शिरूर-दौंडच्या माणसाला वेगळे काय सुचणार? चाळीत कांदा नाही असे घर आमच्या बाजूला कष्टानेच सापडेल.

कांद्यात, लसणीत आणि गव्हात फ्रुक्टान नावाची एक शर्करासाखळी असते. ती फोडणारे पाचकद्रव्य मनुष्याच्या लहान आतड्यात मुळीच नाही. ती तशीच मोठ्या आतड्यात जाते आणि तेथील जिवाणू तिला आंबवतात. कडधान्यांतील काही शर्करांचेही तेच. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातील पीटर गिब्सन आणि स्यू शेफर्ड यांनी २००५ च्या सुमारास अशा सगळ्या पदार्थांना ‘फॉडमॅप’ या नावाखाली एकत्र केले, आणि ते काही आठवडे कमी केले तर चिडखोर आतडे शांत होते का, हे तपासले. पुष्कळांचे होते. बाईंनी मला सहा आठवड्यांची मुदत दिली. कांदा, लसूण, पोळी, कडधान्ये, नुसते दूध, सफरचंद बंद. भात, ज्वारीची भाकरी, अंडी, मासे, दोडका, पडवळ, काकडी चालू. बाजारच्या हिंगातही गव्हाचे पीठ मिसळलेले असते, म्हणून डबीवर काय लिहिले आहे ते वाचायला त्यांनी शिकविले.

भाकरी चालू म्हटल्याबरोबर मी सुखावलो आणि आपल्या पूर्वजांच्या शहाणपणाविषयी चार वाक्ये बोललो. बाईंनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०१७ सालची कोष्टके समोर ठेवली. शंभर ग्रॅम ज्वारीत तंतू सुमारे १० ग्रॅम, बाजरीत साडेअकरा, आणि कणकेतही जवळजवळ तितकेच! पांढऱ्या तांदळात मात्र तीनाच्या आत. “भाकरी चांगलीच आहे, काका, पण ती औषध नाही आणि पोळी विष नाही. तुमच्या आतड्याला फ्रुक्टान टोचतंय, एवढंच.” हल्ली जो तो पदार्थाला देवत्व तरी देतो नाहीतर त्याला वाळीत तरी टाकतो. या बाईंनी दोन्ही केले नाही, म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास बसला. महागड्या बाटल्यांतील जिवाणूंविषयी विचारले, तर म्हणाल्या, घरचे ताक सोसते आहे ना, मग आधी ते पाहू. इसबगोल तेवढे चमचाभर दिले.

शिरूर तालुका पोटाच्या शास्त्राला परका नाही, हेही त्यांच्याकडूनच कळले. वढू बुद्रुक येथे पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे ग्रामीण संशोधन केंद्र आहे. लहान मुलांच्या जुलाबावरील रोटाव्हॅक या भारतीय लशीची मोठी चाचणी २०११ पासून दिल्ली, वेल्लोर आणि पुण्याच्या बाजूला झाली, ती आपल्याकडे याच केंद्राने केली. आज ती लस सरकारी लसीकरणात आहे. १९९३ पासून डॉ. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवतींना, तुम्ही काय खाता, हेच विचारले होते. ज्या मातांच्या जेवणात पालेभाजी, फळे आणि दूध अधिक, त्यांची बाळे अधिक वजनाची, असे त्यातून निघाले. एवढे मोठे शास्त्र, पण आरंभ त्याच साध्या प्रश्नापासून: काल काय जेवलात, आणि किती?

चौथ्या आठवड्यात नोंदवहीतली ‘घाई’ विरळ झाली. सहाव्यात सलग पाच दिवस ‘प्रकार चार’ लागला. मला वाटले, आता जन्मभर हेच पथ्य. बाईंनी तेही मोडून काढले. मोठ्या आतड्यातले जे जिवाणू आपल्याला हितकर, त्यांचे अन्नच हे फ्रुक्टान आणि कडधान्ये; ती फार दिवस तोडली तर जिवाणू उपाशी राहतात. म्हणून एकेक पदार्थ परत आणायचा. तीन दिवस, चढत्या मापाने, वहीत नोंद करून. पोळी परतली, दोन सोसतात, तिसरी नाही. चहातले दूध सोसते, पेलाभर दूध नाही. भिजवून पाणी टाकून शिजविलेली मोड आलेली मटकी अर्धी वाटी सोसते. लसूण तेलात तळून काढून टाकली तर तेलाचा वास उरतो आणि त्रास होत नाही, कारण फ्रुक्टान तेलात उतरत नाही. कच्चा कांदा मात्र पहिल्याच दिवशी नापास झाला.

त्यानंतरच्या पहिल्या शनिवारी मी चौफुल्याला एस.टी.त बसलो. खिडकीशी नव्हे, दाराजवळ. पारगावचा पूल ओलांडून भीमा मागे पडली, न्हावरा आले, गेले. काही झाले नाही.

आक्काने बाजरीची भाकरी आणि कांदा घातलेली आमटी केली होती. मी सारे सांगितले, तीन वर्षांचे, ‘घाई’सुद्धा. एवढे बहिणीपाशी मी कधी बोललो नव्हतो. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि तिला राग आला तो भलत्याच गोष्टीचा. “चाळीस वर्सं आमी कांदा पिकवतोय. आमच्या कांद्याला काय झालं गं बाई?” कोणा अनुपस्थित बाईंना उद्देशून ती म्हणाली. फ्रुक्टानची कथा तिच्या गळी उतरविण्याचा मी प्रयत्न केला नाही. बाईंनी जाताना जे सांगितले होते तेवढे सांगितले: गड्डा नको, पण पातीचा हिरवा भाग चालतो, त्यात ती साखळी नसल्यात जमा असते.

आक्का काही न बोलता उठली, विळी घेऊन मागच्या वाफ्यात गेली. पदरात पात घेऊन आली आणि पांढरा भाग नीट कापून बाजूला ठेवत म्हणाली, “ह्यो माझा, त्यो तुझा.”

आता महिन्याच्या पहिल्या शनिवारी पातीची भाजी ठरलेली आहे. शेंगोळे मला फार आवडतात, पण हुलग्याची पाळी अजून आलेली नाही. ती पुढच्या महिन्यात. आधी किती घ्यायचे ते बाईंना विचारून आक्काला कळवायचे आहे. तिने त्यासाठी वेगळी लहान वाटी काढून ठेवली आहे, असा काल तिचा फोन आला.