भार कुणावर?

चित्रकलेच्या आमच्या सरांनी ग्रीक स्तंभ शिकवायला घेतला तो घराच्या मेढीपासून. मुळशीच्या पावसाला पुरून उरलेली साधी लाकडी मेढ, तिच्यावर आढं, आढ्यावर वासे. "भार कुणावर आलाय ते आधी बघ," ते म्हणायचे. मगच फळ्यावर पार्थेनॉन उभं राहायचं. इ.स.पू. 447 मध्ये सुरू झालेलं काम. डोरिक स्तंभाला खाली बैठक नाही, अंगावर 20 पन्हळी, मधे जेमतेम जाणवेल एवढा फुगवटा. वरच्या पट्टीतले उभ्या खाचांचे ठोकळे म्हणजे जुन्या लाकडी देवळांच्या तुळयांची आठवण, असं रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियस सांगतो. हे ऐकलं आणि आमचं कौलारू घर मला एकदम थोर वाटू लागलं.

सरांनी आम्हाला शेजारच्या मावळातही नेलं. भाज्याच्या चैत्यगृहातले खांब आत कललेले आहेत. लाकडी बांधणीतली ती रीत कारागिरांनी कातळातही सोडली नाही. कार्ल्याला तर छताच्या लाकडी कमानी आजही जागेवर आहेत. तिथल्या खांबांवरची ब्राह्मी अक्षरं सर वाचून दाखवत: हा खांब धेनुकाकटच्या यवनाचं दान. यवन हा तेव्हा ग्रीकांसाठीचा शब्द. असे यवन दाते तिथे एक नाही, अनेक. घडण मात्र इथली, पायाशी घट आणि माथ्यावर हत्तींवरचे स्वार. पश्चिमेकडून आलेल्या माणसांनी सह्याद्रीत खांब दान द्यावेत, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

आर्किटेक्चरला प्रवेश मिळाला तेव्हा ड्रॉइंग बोर्ड आणि टी-स्क्वेअर सरांनीच घेऊन दिले. पैसे परत करायला गेलो, त्यांनी घेतले नाहीत. आता मी शिकवतो, एवढीच माझी परतफेड.

मुंबईच्या टाउन हॉलसमोर, 1833 मध्ये पूर्ण झालेल्या त्या डोरिक दर्शनी भागाखाली, मुलांना पन्हळी हाताने मोजायला लावतो. पिरंगुट-भूगावकडे बंगल्यांच्या दारात हल्ली ग्रीक थाटाचे स्तंभ दिसतात. त्यांवर मुलं टिचकी मारतात, कित्येक पोकळ वाजतात. मग छत खरोखर तोलणारा आरसीसी कॉलम शोधून त्याचं रेखाटन करायचं, हा माझा गृहपाठ. तो कॉलम बहुधा भिंतीत दडलेला असतो. शोधताना मुलं आपापसात भांडतात, आणि मी त्यांना भांडू देतो.