अनुभव : निरंक



दशलक्षण पर्व झालं, क्षमावणी झाली, पारण्याची गडबडही उरकली. आता निवांत बसून महिन्याभरापूर्वीची एक गोष्ट सांगते. मला नको असलेली नोकरी मला मिळाली नाही. वाचून हसू आलं ना? आमच्या घरातही सगळे हसले. मी तेवढी हसले नाही. का हसले नाही, ते शोधायला मला पर्वाचे सगळे दहा दिवस लागले.

झालं असं. आषाढात मुलानं पुण्याहून फोनवर एक जाहिरात पाठवली. इथल्याच, सांगलीतल्या एका शिक्षणसंस्थेला हिशेबनीस हवा होता. वयाची अट नाही, वाणिज्य पदवीधर, निवृत्तांना प्राधान्य. खाली मुलानं लिहिलं होतं, "आई, तुझ्यासाठीच काढलीय बघ. दिवसभर घरात बसून कंटाळतेस." मी घरात बसते हे त्याला कुणी सांगितलं कोण जाणे. पण सूनबाईनंही आग्रह धरला, तिनंच अर्ज भरला आणि मला फक्त फोटो काढून पाठवायला सांगितला.

मला ती नोकरी नको होती, हे सुरुवातीलाच सांगते. वेळ साडेदहा ते सहा. सकाळी बस्तीत अभिषेकाला जायचं, आल्यावर सासूबाईंचं जेवण. त्या अठ्ठ्याऐंशीच्या आहेत, शोधाचं खातात, माझ्या हातचंच खातात. दुपारी आम्हा सात-आठ जणींचा स्वाध्याय. आणि आमच्याकडे रात्री कुणी जेवत नाही. मार्गशीर्षात सहाच्या आतच सूर्य मावळतो. सहाला ऑफिसातून निघून मी कधी घरी पोचायचं, कधी चूल पेटवायची आणि कधी जेवायचं? डबा नेऊन साडेपाचला टेबलावरच खायचा म्हटलं तरी सासूबाईंचं काय? शिवाय माझे गुडघे आणि त्यांचे दोन जिने. तेव्हा नोकरी मिळाली तरी नको म्हणायचं, हे ठरलेलंच होतं. मुलाखतीला निघाले ती मुलाचं मन राखायला, आणि थोडी हौस म्हणूनही. रिक्षात मी ते वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं होतं : "आपण माझा विचार केलात, आनंद वाटला. पण घरच्या जबाबदारीमुळे मला ही वेळ जमणार नाही." दोन-तीनदा मनात म्हणूनही पाहिलं. छान वाटत होतं म्हणायला.

मुलाखत घ्यायला तिघं होते. मधला आमच्या मुलाच्या वयाचा. अगदी अदबीनं बोलला, उगाच कुणाला बोल लावायचा नाही. त्यानं टॅली येतं का विचारलं. मी म्हटलं, नाही, पण कीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद सगळं हातानं करता येतं. जीएसटीचं विवरणपत्र भरलंय का? नाही. (२०१७ साली जीएसटी आला तेव्हा मी तो पेपरात वाचून समजून घेतला होता, पण समजून घेणं वेगळं आणि भरणं वेगळं.) मग तो म्हणाला, "काकू, अर्जात अनुभवाचा रकाना रिकामा आहे. आधी कुठं काम केलंय?"

"घरी," मी म्हटलं.

तो हसला, वाईट हसला नाही, आणि रिकाम्या रकान्यात पेनानं एक शब्द लिहिला. मुलांचा अभ्यास समोर बसून घेतल्यामुळे मला उलटं वाचायची सवय आहे. "निरंक". अक्षर चांगलं होतं त्याचं.

पंचमीच्या आदल्या संध्याकाळी निरोप आला. आपल्या अर्जाबद्दल आभारी आहोत, दुसऱ्या उमेदवाराची निवड झाली आहे, पुढील वाटचालीस शुभेच्छा. वयाच्या पासष्टाव्या वर्षी पुढील वाटचाल म्हणजे नक्की कुठली, हे काही त्यात लिहिलेलं नव्हतं.

ह्यांनी वाचलं आणि म्हणाले, "बरं झालं." सासूबाईंना सांगितलं, त्या म्हणाल्या, "बरं झालं बाई." मुलगा म्हणाला, "जाऊ दे ग आई, तुला तरी कुठं हवी होती?" तिघांचंही खरं होतं. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी बस्तीत जाऊबाई भेटल्या, त्यांना सगळं आधीच कळलेलं होतं. त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "लाभांतराय कर्माचा उदय गं. आपण काय करणार?"

तुम्हाला ठाऊकच आहे, अंतराय कर्माचे पाच भेद : दान, लाभ, भोग, उपभोग आणि वीर्य. लाभ मिळायच्या वेळी आडवं येतं ते लाभांतराय. पण मला तो लाभच नको होता, मग आडवं काय आलं? विचार करता करता मला आपलंच हसू आलं. मला तर उलट काहीतरी द्यायचं होतं. नकार द्यायचा होता! रिक्षात घोकलेला तो सगळा नकार माझ्याजवळ तसाच राहिला. तेव्हा लाभांतराय नव्हे जाऊबाई, दानांतराय म्हणा हवं तर.

थट्टा सोडा, पण दुखत होतं ते तिथंच. आणि त्याला एक जुनं कारण आहे.

मी १९८२ साली बी.कॉम. झाले, शिवाजी विद्यापीठाची. आमच्या वर्गात मुली फार नव्हत्या. पुढच्या वर्षी बँकेच्या कारकुनाच्या लेखी परीक्षेला कोल्हापूरला जाऊन आले, पास झाले, मुलाखतीचं पत्र आलं. पण तोवर लग्न ठरलं होतं. सासरे फार सज्जन माणूस. ते वडिलांना एवढंच म्हणाले, "सुनेनं पगार आणावा अशी वेळ आपल्या घरावर आलेली नाही." वडिलांनी पत्र कपाटात ठेवलं. मुलाखतीला मी गेलेच नाही. मी तेव्हा रडलेबिडले नाही. लग्नाची गडबड होती, शालू कोल्हापूरला घ्यायचा की इचलकरंजीला, यात आम्ही सगळे गुंतलो होतो.

मात्र तेव्हापासून आमच्या घरात एक वाक्य तयार झालं. पाहुणे आले की सासरे सांगायचे, पुढं हे सांगू लागले, आता मुलगाही सांगतो : "हिला बँकेत नोकरी लागत होती, आपणच नको म्हटलं." बेचाळीस वर्षं मी हे वाक्य ऐकत आले. खरं म्हणजे मला नोकरी लागत होती की नाही, कुणालाच माहीत नाही. मुलाखत झालीच नव्हती. कदाचित तिथंही तिघांपैकी मधल्यानं काहीतरी विचारलं असतं आणि मला आलं नसतं. पण वाक्य चांगलं होतं, त्यात माझा मान होता, म्हणून मीही ते कधी दुरुस्त केलं नाही. नोकरी आम्ही नाकारली, नोकरीनं आम्हाला नाही. आता पहिल्यांदाच त्याच्या उलट झालं होतं, आणि तेही लेखी.

दुसऱ्या दिवशी उत्तम मार्दव. म्हणजे मानाचा त्याग. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात मद आठ सांगितलेत : ज्ञान, पूजा, कुल, जाती, बल, ऋद्धी, तप आणि शरीर. प्रवचनात पंडितजी एकेक समजावत होते आणि मी एकेक आपल्याला लावून पाहत होते. बल आणि शरीर, गुडघ्यांनी तो प्रश्न मिटवलाय. ऋद्धी आमच्याकडे कधी नव्हती, हे शाळामास्तर होते. तप म्हणाल तर दहा दिवस एकाशनं, त्यात मिरवण्यासारखं काही नाही, शेजारच्या कॉलेजातल्या मुलीनं दहा उपवास केले. उरलं ज्ञान. त्रेचाळीस वर्षांपूर्वीच्या बी.कॉम.चा मद! तो असणार, थोडासा. पण तेवढ्यानं रात्रभर झोप जात नाही.

ते मला आठव्या दिवशी, उत्तम त्यागाच्या प्रवचनात सापडलं. पंडितजी म्हणाले, जे हाती आहे तेच सोडता येतं. दुकान बंद होतं म्हणून पेढा खाल्ला नाही, याला त्याग म्हणत नाहीत. सगळ्या बायका हसल्या. मी मात्र १९८३ सालात जाऊन पोचले. मी नोकरीचा त्याग केला असं बेचाळीस वर्षं सगळे म्हणतात. पण ती माझ्या हाती कुठं आली होती? आणि ती सोडली कुणी? मी सोडली नाही, माझ्यासाठी सोडली गेली. यंदा रिक्षात मी जे वाक्य घोकत होते, ते या नोकरीसाठी नव्हतंच. आपल्या तोंडानं, आपल्या कारणासाठी एकदा नको म्हणायचं होतं, एवढंच.

राहता राहिला तो शब्द, निरंक. तो मी अजून सोडलेला नाही.

कॉलेजात अर्थशास्त्राच्या सरांनी पिगू या इंग्रज अर्थतज्ज्ञाचं एक उदाहरण सांगितलं होतं. एखाद्यानं पगारी घरकाम करणाऱ्या बाईशी लग्न केलं की देशाचं उत्पन्न तेवढ्यानं कमी होतं, कारण ती तेच काम आता बिनपगारी करते. वर्ग खोखो हसला होता, मीही हसले होते. पुढं सरकारनंच २०१९ साली वेळेची पाहणी केली, त्यात घरकाम करणाऱ्या बायकांचा रोजचा वेळ सरासरी २९९ मिनिटं निघाला आणि पुरुषांचा ९७. म्हणजे मिनिटं मोजली गेली. रुपयांचा रकाना मात्र अजून त्या मुलाच्या पेनाखालीच आहे.

माझ्याकडे ४२ वह्या आहेत. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यापासून रोजची कीर्द, महिन्याची खतावणी. दूधवाला, किराणा, औषधं, दान, प्रत्येकाचं पान वेगळं. पहिल्या वहीत महिन्याचा घरखर्च ९०० रुपये आहे. १९८८ साली किसान विकास पत्र निघालं, तेव्हा पैसे साडेपाच वर्षांत दुप्पट व्हायचे, आता त्यालाच ११५ महिने लागतात. घरखर्चातून वाचवलेले ५,००० मी त्यात घातले, दुप्पट झाले की पुन्हा तिथंच. मुलाच्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची फी त्यातून गेली. २०१९च्या महापुरात गावभागातल्या घरात पाणी शिरलं, तेव्हा मी पहिल्यांदा बस्तीची पूजेची पोथी माळ्यावर टाकली आणि दुसऱ्यांदा वह्या. हे ओरडत होते, "टीव्ही उचल!" टीव्ही गेला. दर एप्रिलला आमच्या गल्लीतल्या नऊ म्हाताऱ्यांचे कर न कापण्याचे फॉर्म मीच भरते, नाहीतर बँक त्यांच्या व्याजातून कर कापू शकते. आजवर एकीचाही कापला गेलेला नाही.

यातलं काही मी त्या मुलाला सांगितलं नाही. सांगून उपयोग नव्हता. त्याला टॅली येणारं माणूस हवं होतं आणि ते मला येत नाही, त्याची निवड चूक नव्हती. ज्या मुलीला घेतलं, ती कडेवर लेकरू घेऊन मुलाखतीला आली होती, मी बाहेरच्या बाकावर तिच्या लेकराला थोडा वेळ धरलंही होतं. तिला त्या पगाराची माझ्यापेक्षा कितीतरी जास्त गरज असणार.

क्षमावणीच्या दिवशी पाहुणे आले, तेव्हा ह्यांनी सवयीनं तेच वाक्य सुरू केलं, "हिला बँकेत नोकरी लागत होती..." मी पोहे देता देता म्हटलं, "लागत होती की नाही माहीत नाही. मुलाखतीला जाऊ दिलं नव्हतं." कुणी काही बोललं नाही. पाहुण्यांनी पोह्यांचं कौतुक केलं. रात्री हे म्हणाले, "बेचाळीस वर्षांनी आज आठवलं होय?" मी म्हटलं, आठवत रोजच होतं. त्यावर ते बराच वेळ गप्प होते आणि मग म्हणाले, "त्या पत्राचं पाकीट निळं होतं ना?" निळंच होतं. यांनी ते कधी पाहिलं, हे मला ठाऊकच नव्हतं.

गेल्या आठवड्यात मी टॅलीच्या क्लासची चौकशी केली. तीन महिन्यांचा आहे, दुपारी साडेतीन ते पाच, म्हणजे स्वाध्याय चुकत नाही आणि संध्याकाळचं जेवणही वेळेत होतं. शिकवणारी मुलगी फार तर पंचवीसची असेल. हे म्हणाले, "आता या वयात कशाला? नोकरी करणार आहेस का?"

"नाही," मी म्हटलं, "नको म्हणणार आहे."

वर्ग सोमवारपासून आहे. फी या महिन्याच्या कीर्दीत लिहिली, कुठल्या खात्यावर टाकायची ते मात्र अजून ठरलेलं नाही.