वागातोरच्या टेकडीवरचे परीक्षक

सायकलच्या तारांत पत्ता अडकवून फटफट आवाज काढलाय ना कधी? मडगार्ड काढून टाकलंय? हँडल उलटं बसवलंय? मग तुम्हीही गाडीत फेरफार करणाऱ्यांच्या जमातीतलेच! हीच हौस मोठ्या माणसांना मोटारसायकलच्या बाबतीत लागली की काय होतं, ते मी नोव्हेंबर 2024 मध्ये गोव्यात पाहिलं. शनिवार-रविवार, दोन दिवस.

म्हापशाहून पुढे समुद्राकडे गेलं की वागातोर गाव लागतं. तिथल्या टेकडीवर रॉयल एन्फिल्ड गाड्यांचा मेळा भरला होता. त्याचं नाव 'मोटोव्हर्स'. पूर्वी त्याला 'रायडर मेनिया' म्हणत. 'इंडिया बाइक वीक' नावाचा दुसरा मोठा मेळाही 2013 साली सुरू झाला तो वागातोरलाच. तांबडी माती, माड, खाली समुद्र आणि जिकडे पाहावं तिकडे मोटारसायकली!

तुम्ही म्हणाल, शाळेतल्या बाईंचं तिथे काय काम? सांगते. माझ्या धाकट्या भावाचं कुडाळला गॅरेज आहे. एका गिऱ्हाइकाने त्याच्याकडे जुनी बुलेट आणून टाकली होती आणि वर पंधरा हजार रुपये आगाऊ दिले होते. "पुढचा चिमटा चांगला लांब करून दे, पुंगळी बदल, एकदम सिनेमातल्यासारखी दिसली पाहिजे." असं काम भावाने कधी केलं नव्हतं. ते घ्यावं की नाही, हे ठरवण्यासाठी तो निघाला आणि मी त्याच्या मागच्या सीटवर बसले.

मी पडले मास्तरीण. निघण्याआधीच वहीत रकाने आखले. कारागिरी 20 गुण, बदल कशासाठी केला 15, रोज चालवता येईल का 15. एकूण 50.

"ताई, रंगाला गुण नाहीत?" भावाने विचारलं.

"रंग कारागिरीतच धरायचा."

त्याला ते पटलं नाही. अजूनही पटलेलं नाही.

पहिली गाडी होती 'कॅफे रेसर' थाटाची. हँडल अगदी खाली, पाय ठेवायची जागा मागे, चालवणारा जवळजवळ टाकीवर पालथा! हा थाट इंग्लंडमधला, 1950-60 च्या काळातला. लंडनच्या 'एस कॅफे'सारख्या ठिकाणी जमणारी तरुण मुलं वारा कमी लागावा म्हणून असं वाकून गाडी पळवत. दिसायला झकास, पण आमचा हायवे धरून कुडाळपर्यंत आलात तर मनगटं बोलू लागतील. तिला 34 गुण.

दुसरी 'बॉबर'. अमेरिकेतल्या हौशी लोकांनी वजन कमी करण्यासाठी मडगार्ड कापायला सुरुवात केली, त्यातून हा प्रकार आला. मागच्या चाकावर एवढासाच पत्रा. भाऊ हसून म्हणाला, "जूनमध्ये ही घेऊन ये म्हणावं आमच्याकडे. पाठीवर चिखलाची रांगोळी!"

आणि मग आली 'चॉपर'. हीच तर गिऱ्हाइकाला हवी होती! पुढचं चाक चार पावलं पुढे गेल्यासारखं, चिमटा लांबलचक. 1969 च्या 'ईझी रायडर' या अमेरिकन चित्रपटाने हा थाट जगभर पोचवला. त्यातल्या गाड्या घडवण्यात क्लिफ वॉज आणि बेन हार्डी या कृष्णवर्णीय अमेरिकनांचा मोठा हात होता, पण चित्रपटाच्या नामावलीत त्यांची नावं आली नाहीत. हे वाचल्यापासून मी प्रत्येक गाडीजवळ आधी विचारत होते, "ही बांधली कुणी?" बऱ्याच ठिकाणी मालकाचं नाव चटकन मिळे, वेल्डिंग करणाऱ्याचं मात्र आठवावं लागे.

आता एक गंमत करून पाहा. सायकल उभी करा, फक्त सीट धरा आणि ती किंचित डावीकडे कलती करा. पुढचं चाक आपोआप डावीकडे वळतं की नाही? सायकलचा चिमटा सरळ उभा नसतो, तिरका असतो. हँडल ज्या दांड्याभोवती फिरतं, त्या दांड्याची रेषा मनातल्या मनात जमिनीपर्यंत न्या. ती जिथे टेकते, त्याच्या थोडं मागे चाक टेकलेलं असतं. म्हणजे चाक त्या रेषेच्या मागून ओढलं जातं, ढकलगाडीच्या फिरत्या चाकासारखं. या अंतराला 'ट्रेल' म्हणतात. गाडी सरळ जायला त्याची मदत होते.

चॉपरमध्ये चिमटा आणखी तिरका केला की हे अंतर बहुधा वाढतं. मग सरळ रस्त्यावर गाडी ऐटीत जाते, पण हळू चालवताना पुढचं चाक एका बाजूला पडू बघतं आणि वळायला भलीमोठी जागा लागते. आंबोली घाटातलं वळण आठवा!

भावाने त्या गाडीचे जोड निरखून पाहिले. वेल्डिंग सुरेख होतं, एकावर एक कलंडलेल्या नाण्यांसारखं. कारागिरीला मी 18 दिले. बाकीच्या दोन रकान्यांत मिळून 11. भावाच्या मते तीच पहिली!

संध्याकाळी बाहेर पार्किंगमध्ये आलो, तर तिथे एक साधी स्कूटर उभी होती. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक जादा चाक आणि कुबडी ठेवायला एक नळी. कुबडीवाला तरुण मालक मेळा बघायला आला होता. भाऊ सरळ जमिनीवर बसला आणि अर्धा तास खालून बघत राहिला. चाकं नुसती घट्ट जोडली असती तर खड्ड्यात मागचं चाक अधांतरी राहिलं असतं, म्हणून त्यांना स्प्रिंग होत्या. मी 47 गुण दिले. या वेळी भाऊ वाद घालायला आला नाही. "आपल्या आळीतल्या मावशींना अशी करता येईल," एवढंच म्हणाला. मावशींना पोलिओ झाला होता. बाजारात जायचं तर त्या रिक्षाची वाट बघत बसतात.

जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेशी विसंगत असे बदल गाडीत करता येणार नाहीत. दिव्यांग व्यक्तीसाठी मात्र ठरलेल्या अटी पाळून गाडीत बदल करायची वाट कायद्यात आहे. त्यासाठी आर.टी.ओ.त खेटे घालावे लागतात, ते वेगळं!

रविवारी परतताना म्हापशाला चहा घेतला. भावाने तिथूनच गिऱ्हाइकाला फोन लावला. "चिमटा नाही वाढवणार. पैसे आणि गाडी घेऊन जा." पलीकडचा माणूस चिडला, दुसरीकडे करून घेतो म्हणाला. पंधरा हजार गेले. भाऊ थोडा वेळ गप्प होता. मग माझी वही ओढून गुणांच्या रकान्यांमागे त्याने स्कूटरचं चित्र काढलं आणि दोन चाकांमधलं अंतर लिहिलं. स्प्रिंग नेमक्या कुठे बसवायच्या, ते मात्र त्याचं बांद्यापर्यंत ठरलं नव्हतं.